मेंढीची संमती

सुवर्णकोटच्या वेशीवर खडकवणच्या घोंगड्यांच्या सगळ्या गाड्या अडवल्या. कारण काय, तर मेंढ्यांची संमती नाही!

हसू नका. आम्ही व्यापारी माणसं, गाडी अडवायची कारणं पुष्कळ ऐकलेली. एका नाक्यावर माझा गूळ ‘फार गोड आहे’ म्हणून परत पाठवला होता. पण मेंढीची संमती? हे नवंच होतं.

झालं होतं असं. सुवर्णकोट मोठं, श्रीमंत राज्य. खडकवण म्हणजे चार डोंगर आणि त्यांवर मेंढरं. दोन्ही राजांनी करार केला, यापुढे एकमेकांच्या मालावर जकात नाही, दरवाजे सताड उघडे! दुसऱ्याच दिवशी सुवर्णकोटच्या रजया खडकवणच्या बाजारात ढिगानं येऊन पडल्या. उलट दिशेनं घोंगड्या निघाल्या, तेव्हा मात्र वेशीवर भास्करपंत उभे! हे पूर्वीचे जकात अधिकारी. जकात गेली, पण पंत कुठे जाणार? त्यांनी कराराच्या शेवटी दडलेलं एक कलम शोधून काढलं: ‘सुवर्णकोटात येणारा माल कुणावरही जबरदस्ती करून मिळवलेला नसावा.’

“लोकर कुणाची?” पंतांनी विचारलं.

“मेंढीची जी,” बिरा सणगर म्हणाला. हा घोंगड्या विणणारा. गाड्यांत त्याच्या सगळ्या वस्तीची वर्षाची विणाई होती.

“मेंढीनं खुशीनं दिली?”

“आता... पळाली तर न्हाई.”

“का नाही पळाली?”

“पाय बांधलं हुतं की!”

झालं! बिरा पडला सरळ माणूस. व्यापारात कुठल्या प्रश्नाला खोकायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“पौर्णिमेच्या बाजाराआधी मेंढ्यांची संमती हजर करा,” पंत गरजले, “नाही तर माल सरकारजमा!”

माल गेला, तर वस्तीला कळपच खाटकाला विकावा लागणार. बिरा चाकाला टेकून रडू लागला. त्याची लेक बाणाई गाडीवरून खाली उतरली.

“बाबा, रडू नगा. मेंढी आपल्यापाशी हाय, राजा त्यांच्यापाशी हाय. जाऊन इचारू की!”

आणि गाडीमागे बांधलेल्या एका काळ्या मेंढीला घेऊन ती थेट दरबारात शिरली. गालिचा पाहताच मेंढीनं तो हुंगला. नात्यातलं कुणी तरी भेटल्यासारखं तिला वाटलं असावं.

महाराज विक्रांतसेन पक्के हट्टी. “कलम म्हणजे कलम!” ते म्हणाले. “पंत, विचारा मेंढीला!”

पंत मेंढीपुढे वाकले. “हे मेंढी, तू आपली लोकर स्वखुशीनं दिलीस काय?”

“बेंऽऽ!”

“उत्तर अस्पष्ट,” पंतांनी जाहीर केलं. “माल जप्त!”

“थांबा जी!” बाणाई पुढे आली. “म्हाराज, आमी डोंगरातली मानसं. संमती कशी घ्यायची, आमाला कुठलं ठावं? करार झाला तवा आमच्या होनाजीराजांची संमती आपनच घेतली न्हवं? ती कशी घेतली, तेवढं सांगा. तश्शीच हिची घेते.”

स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायच्या म्हटलं की महाराजांची कळी खुले. ते सरसावून बसले. “अगं, थाटात घेतली! आधी त्याला गुलाबपाण्यानं आंघोळ घातली.”

“आमीबी मेंढीला आधी वढ्यात धुतो.”

“मग गालिच्यावर बसवलं. दोन्ही बाजूंना दोन पहिलवान दिले.”

“धराया?”

“छे! खांद्यावर हात ठेवायला. प्रेमानं!”

“आमीबी दोघं धरतो जी. लई प्रेमानं.”

दरबारात कुणाला तरी ठसका लागला.

“मग मी विचारलं, ‘होनाजीराजे, करार मंजूर?’”

“आन् राजं काय म्हनलं?”

महाराज थबकले. “म्हणजे... बोलला काही तरी. पंत, काय बोलला होता हो तो?”

पंतांनी घाम पुसला. “महाराज, त्यांनी... ‘अं’ केलं होतं. आपण म्हणालात, होकारच आहे, लिहा.”

बाणाईनं मागे वळून दोन शिपायांना हाक मारली. “अवो दादा, जरा हिकडं या. हिच्या खांद्यावर हात ठेवा. प्रेमानं!” शिपायांनी मेंढी धरली. बाणाईनं तिच्या कानाशी विचारलं, “काय गं, लोकर दिली न्हवं?”

“बेंऽऽऽऽ!”

“पंत, लिवा! आमच्या राजांच्या ‘अं’परास लांब हाय!”

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी पंतांकडे. पंतांच्या हातातली लेखणी काही हलेना.

“म्हाराज, ही संमती खरी धरली, तर आमच्या गाड्या सोडा,” बाणाई हात जोडून म्हणाली. “आन् खोटी धरली, तर करारबी सोडा. तोबी अश्शाच संमतीचा हाय!”

महाराजांची मिशी थरथरली. मग पोट. आणि मग ते असे गडगडून हसले, की मुकुट घरंगळत गालिच्यावर गेला नि मेंढीनं त्यावरचा तुरा खाऊन टाकला.

“सोडा गाड्या! ते कलम खोडा!” डोळे पुसत महाराज ओरडले. “आणि पोरी, तू बक्षीस माग. हवं ते!”

“एकच द्या जी. म्होरल्या कराराच्या टायमाला पहिलवान नगंत.”

“अगं, पण पहिलवान नसले, तर तुमचा राजा ‘अं’ सोडून भलतंच काही तरी बोलेल!”

“व्हय की, म्हाराज! निदान पंतांना लिवाया पुरी ओळ तरी घावंल!”

महाराज पुन्हा हसत सुटले. त्यांनी पहिलवानांना तिथल्या तिथं गाड्या ढकलायच्या कामावर धाडलं, आणि हातातले सोन्याचे तोडे काढून बाणाईच्या ओंजळीत ठेवले.