बॉनेट कोणी बंद करायचं

“उस्ताद, बॉनेट बंद करताय न्हवं?”

अभिनंदन मगदूमनं पुन्हा विचारलं. दस्तगीर उस्ताद लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घाटाच्या पायथ्याशी दर्गा आहे. गॅरेज सोडल्यापासून उस्ताद तिथल्या आवारातल्या खोलीत राहतात. गुरुवारी आवारात जेवण असतं, त्याचा लसूण त्यांच्याकडे. ज्या हातांनी रॅलीच्या गाड्यांची इंजिनं उघडली, त्याच हातांनी आता पाकळ्या सोलतात. त्यांना यात कमीपणा वाटत नाही. शिष्यांना वाटतो.

उस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. शिष्यानं एकट्यानं काम केलं की बॉनेट उघडं ठेवून गाडी उस्तादांपुढं उभी करायची. काम पसंत पडलं तर उस्ताद स्वतःच्या हातानं बॉनेट बंद करायचे. शाबासकी वगैरे काही नाही. पण तेवढं झालं की शिष्य मोकळा, आणि गाडी शर्यतीला न्यायला हरकत नाही.

अभिनंदनच्या बरोबरीच्या सगळ्यांची बॉनेटं उस्तादांनी बंद केली होती. त्याची पाळी यायच्या आत गॅरेजच बंद झालं. हे त्याला लागलं होतं. तसं तो कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण विषय निघाला की उठून चहाला जायचा.

रविवारी घाटात रॅली होती. गाडी अभिनंदन चालवणार. त्याची धाकटी बहीण पद्मजा डावीकडच्या सीटवर बसून त्याला पुढची वळणं वाचून दाखवणार. आत्ता ती चिंचेच्या सावलीत लावलेल्या गाडीच्या दाराला टेकून उभी होती.

“काय केलंस?” उस्तादांनी विचारलं.

“बूस्टचा सोलेनॉइड बदलला. स्वतः. कंपनीचा काढला आणि शर्यतीच्या गाड्यांना असतो तसला घातला.”

वस्तू तशी अंगठ्याएवढी. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, ती किती दाबापर्यंत कोंबू द्यायची हे ती सांभाळते.

“जुन्याला काय झालतं?”

“सुस्त होता. दाब चढायला वेळ लावायचा. आता पाय ठेवला की गाडी उडते, उस्ताद. काल घाटात तुम्ही बघायला पायजे होतं.”

“बसवलास कसा?”

“तुम्ही शिकवलाय तसा. जसं काढलं तसं बसवलं. पायपांना आधी खुणा केल्या. जुन्याच्या ज्या तोटीला जो पाईप होता, तो नव्याच्या त्याच तोटीला.”

“खुणा केल्यास.”

“केल्या की.”

“छान.”

अभिनंदनचा चेहरा खुलला. उस्तादांच्या ‘छान’ला भुलायचं नसतं, हे त्याच्या बरोबरीच्यांना ठाऊक होतं. तो त्या वेळी चहाला गेलेला असावा.

“टर्बोला आवरतं कोण?”

“उस्ताद, हे मला विचारताय?”

“तुलाच.”

“झडप. दाब पुरेसा झाला की झडप उघडते. जादाचा धूर टर्बोला न फिरवता बाजूनं निघून जातो.”

“पुरेसा झाला, हे झडपेला सांगतं कोण?”

“दाबच सांगतो. पायपातनं जातो आणि तिला ढकलतो.”

“आणि तुझा सोलेनॉइड?”

“मधे बसतो. दाबाला अडवून धरतो. आपल्याला हवा तेवढा चढला की मग सोडतो.”

“म्हंजे निरोप अडवतो.”

“...तसं म्हणा.”

“त्याची वायर निघाली तर?”

“तर निरोप सरळ जायला पायजे. गाडी जरा मंद पळंल, पण इंजिनाला धोका न्हाई.”

“जायला पायजे, का जातो?”

अभिनंदनला राग आला. इतक्या वर्षांनी गाडी आणली, ती यांनी नीट पाहिलीसुद्धा नाही आणि शाळा घ्यायला बसले.

“मी आता शिकाऊ राहिलो न्हाई, उस्ताद.”

उस्ताद उठले. लुंगीला हात पुसत गाडीपाशी आले. गाडी एव्हाना निवली होती. त्यांनी सोलेनॉइडची वायर उपसली. टर्बोकडनं येणारा पाईप टर्बोच्या टोकाला सोडवला. झडपेकडं जाणारा पाईप झडपेच्या टोकाला सोडवला.

पहिल्या पायपाचं टोक त्यांनी लुंगीला पुसून अभिनंदनच्या हातात दिलं. दुसऱ्याचं टोक पद्मजाच्या तळहातावर टेकवलं.

“फुंक,” ते अभिनंदनला म्हणाले. आणि पद्मजाला म्हणाले, “पोरी, तू सांग.”

अभिनंदननं फुंकलं.

“न्हाई येत,” पद्मजा म्हणाली.

“नीट धर.”

“धरलंय की.”

त्यानं पुन्हा फुंकलं. गाल फुगले, कानशिलं लाल झाली. सनईवाल्यालासुद्धा एवढे कष्ट पडत नसतील.

“दादा, न्हाई येत.”

“अगं, हात दाबून ठेवलास तर कशी येईल?”

पद्मजानं पाईप त्याच्या हातात दिला. त्यानं तो स्वतःच्या तळहातापाशी धरला आणि सगळा जीव एकवटून फुंकलं.

तिच्या हाताला न लागलेली हवा त्याच्याही हाताला लागली नाही.

...

तो बॉनेटखाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. नव्या सोलेनॉइडला तोट्या तेवढ्याच होत्या, दिसायलाही तशाच. फक्त त्यांचा आतला क्रम वेगळा होता. टर्बोकडचा पाईप नेमका बंद तोटीवर बसला होता. झडपेपर्यंत काहीच पोचत नव्हतं.

“तुम्हीच म्हणायचा, उस्ताद.” त्याचा आवाज बॉनेटखालून आला. “जसं काढलं तसं बसवायचं.”

“काढलेलंच परत बसवताना.”

“म्हंजे काल घाटात गाडी उडत होती ती...”

उस्ताद सुट्या वायरीचं टोक निरखत होते.

“तिला आवरणारं कुणी नव्हतं,” अभिनंदन स्वतःच म्हणाला.

“गचका पण बसला होता,” पद्मजा म्हणाली.

उस्तादांनी तिच्याकडं पाहिलं. “कुठं?”

“वरच्या वळणावर. दरीच्या बाजूला. दाबाचा काटा लाल रेघेच्या पार गेला, आणि वळणातच गाडीनं गचका खाल्ला. मागचं चाक कडेच्या खडीवर गेलं.”

“तू सांगितलंस ह्याला?”

“काटा चढायला लागला तेव्हाच सांगितलं की. गचक्यानंतर परत सांगितलं.”

“मग? काय म्हणाला?”

पद्मजानं भावाकडं पाहिलं. सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

“पेट्रोल खराब असंल म्हणालो,” अभिनंदन म्हणाला.

“त्याच्या आधी?”

“म्हणालो... तू वळणं वाच. काट्याचं माझं मी बघतो.”

दर्ग्याच्या पायरीवर कुणीतरी चपला काढल्या आणि आत गेलं. उस्ताद पुन्हा लसणापाशी जाऊन बसले.

अभिनंदन डावीकडच्या रिकाम्या सीटकडं बघत उभा राहिला. त्याला भीती वाटली. काल वाटायला हवी होती ती भीती आज वाटली, आणि ती स्वतःच्या जिवाची नव्हती. गाडीतली पक्कड त्यानं उगीचच उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

मग तो कामाला लागला. सोलेनॉइडबरोबर आलेला कागद त्यानं खिशातनं काढला आणि पहिल्यांदा वाचला. टर्बोकडचा पाईप बंद तोटीवरून काढून बरोबर तोटीवर चढवला. क्लिपा आवळल्या. टोकं तशीच सुटी ठेवून झडपेकडचा पाईप बहिणीपुढं धरला.

“बघतीस?”

तिनं तळहात पुढं केला. त्यानं फुंकलं, साधंच, चहा निववायला फुंकतात तसं.

“आली,” पद्मजा म्हणाली.

या वेळी त्यानं पाईप मागून घेतला नाही.

टोकं जागेवर बसली. वायर लागली. अभिनंदननं हात पुसले आणि गाडीपासून दोन पावलं मागं सरून उभा राहिला. काम आता बरोबर झालं होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. तरी त्यानं बॉनेटला हात लावला नाही.

“उस्ताद...”

“हं.”

“बॉनेट.”

उस्तादांनी सूप उचललं आणि लसणाची टरफलं फुंकून उडवली.

“रविवारी डावीकडं कोण बसणार?”

“पद्मा.”

“मग मला काय विचारतोयस?”