शेजीबाईच्या वाटीची कहाणी

ऐका शेजीबाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, आणि मागं ती कुजबुज चाललीय ती जरा आवरा. कहाणी शेजारणीची आहे, चहाडी नंतर करा.

आटपाट गाव होतं. नगर म्हणवत नाही, कारण त्याला राजा नव्हता. एक पाटील होता, त्यालाही घरात कोणी विचारत नव्हतं. गाव एवढं लहान, की या टोकाला मिरचीची फोडणी पडली की त्या टोकाचा मारुती शिंकायचा. मी नाही पाहिलं. माझ्या आजेसासूनं पाहिलं होतं, आणि ती खोटं कधी बोलत नसे, फक्त वाढवून सांगे.

त्या गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे दोन घरं होती. तिसरं नव्हतं. एक होतं सगुणा माळणीचं, दुसरं येसू भडभुंजिणीचं. सगुणेला नवरा होता, बाळोजी त्याचं नाव. मळा होता, मोट होती, दावणीला बैल होते. येसूला मागंपुढं कोणी नव्हतं. तिला होती एक भट्टी, एक कढई आणि कढईतली वाळू. ती चणे भाजी, फुटाणे करी, लाह्या फोडी. नागपंचमीला तिच्या लाह्या अशा उडत, की एक म्हणे ढगाला जाऊन चिकटली, ती अजून खाली आलेली नाही. दोघींच्या अंगणांमध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण होतं, कमरेएवढं. हात लांबवला की हाताला हात लागे.

सगुणा नवी नवरी होऊन आली, तेव्हा येसू कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मुली, तुला वसा देते. घेशील?" सगुणा म्हणाली, "आक्का, वसा कसला तो सांगा." येसू म्हणाली, "शेजीबाईचा. श्रावणात घ्यावा. कोणत्या वारी? कोणत्याही वारी. शेजारणीला वार नसतो. त्या दिवशी गोडधोड करावं. पहिली वाटी शेजारणीची, देवाची मागून. वाटी दारानं नेऊ नये, दारानं जाते ती भीक. कुंपणावरून द्यावी, हातातून हातात. 'शेजी, वाटी घे' म्हणावं. तिनं 'शेजी, वाटी दे' म्हणावं. ती घेईपर्यंत आपण तोंडात पाणी घालू नये. झालं व्रत. भट नको, दक्षिणा नको." म्हणून तर हे व्रत कोणत्या पोथीत नाही!

सगुणेनं वसा घेतला. मग काय झालं? सगुणेला हिवताप आला, येसूनं तिचं दळण दळलं. कडब्याच्या गंजीला आग लागली, येसूनं कढईतली वाळू नेऊन ओतली. सासू वारली, घरात चूल पेटली नाही, येसूनं पिठलं-भाकरी आणून सगळ्यांना बळं भरवली. आणि रडणाऱ्या सगुणेला म्हणाली, "रड, पण भाकरी चाव. नुसती गिळलीस तर सासू पोटात दुखवील, जिवंतपणी दुखवायची तशी." सगुणा रडता रडता हसली.

मग दिवस पालटले. मळा पिकला, कांद्याला भाव आला. सगुणेनं नवं घर बांधलं, त्याला पांढराशुभ्र चुना दिला. गाव बघायला आलं. सगुणा आपली उंबऱ्यात उभी, आणि कोणी भिंतीला हात लावला की ती पदरानं तिथं पुसून घेई.

तों वारा फिरला. भट्टीचा धूर सगुणेच्या भिंतीवर गेला. सगुणा कुंपणाशी आली.

"येसूआक्का, तुझ्या धुरानं माझी भिंत काळी झाली."

"अगं, धुरानं मीच काळी झाले. तुझी भिंत धुतली तर निघेल तरी."

सगुणा हसली नाही.

"बरं बाई," येसू म्हणाली, "वाऱ्याला सांगते, सगुणाबाईंच्या अंगणातून जाऊ नको, मोठी माणसं आहेत."

सगुणा तरी हसली नाही. घरात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "कुंपण तोडा. भिंत घाला. पुरुषभर उंच." बाळोजी म्हणाला, "एवढ्याशा धुरासाठी?" ती म्हणाली, "तुम्ही गप बसा." तो गप बसला. तो त्याचा वसा होता.

गवंडी आला. भिंत चढू लागली. येसूनं पलीकडून विचारलं, "सगुणे, वितीएवढा झरोका ठेव गं, वाटीपुरता." सगुणा म्हणाली, "झरोक्यातून धूर येईल." भिंत पुरी झाली. आता या घरातून त्या घरी जायचं म्हणजे ओढ्याच्या काठानं, वेशीवरून, मारुतीला वळसा घालून जावं लागे. मग कोण जातंय?

श्रावण आला. बाळोजी कांदा घेऊन लांबच्या पेठेला गेला. सगुणा वसा विसरली. येसू विसरली नाही. तिनं लाह्यांचं पीठ केलं, गूळ घातला, दूध घातलं, वाटी भरली. भिंतीशी गेली. "शेजी, वाटी घे," म्हणाली. कोणी ओ दिली नाही. दारानं जावं तर व्रत मोडतं. मग येसूनं उखळ पालथं घातलं. उखळावर पाटी पालथी घातली. पाटीवर स्वतः चढली. बायांनो, ही वय झालेली बाई, आणि हौस बघा! एक हात भिंतीवर, एका हातात वाटी. पाटी सरकली. येसू पडली. कमरेत मोडली. वाटी सांडली.

येसूनं हाक मारली, "सगुणे! अगं सगुणे!"

सगुणा माजघरात होती. तिनं ऐकलं. मनात म्हणाली, 'भांडायला बोलावतेय भिंतीवरून. नाहीच जात.' खिडकी लावून घेतली.

मग दुपार झाली. येसूनं हाक मारली, "सगुणे!"

सगुणेनं ऐकलं. मनात म्हणाली, 'आज वशाचा दिवस दिसतो. वाटी मागतेय. उद्या गड्याच्या हाती पाठवू.' शेवया वळत बसली.

मग दिवस कलला. येसूनं हाक मारली, "सगु..."

सगुणेनं तेही ऐकलं. मनात म्हणाली, 'आवाज बसला. राग उतरला वाटतं.' आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी भट्टीचा धूर आला नाही. सगुणेला बरं वाटलं. तिनं धुणं वाळत घातलं, ते पांढरं राहिलं. 'शहाणी झाली आक्का,' म्हणाली. पाऊस आला, पाऊस गेला. पुढच्या दिवशीही धूर नाही. सगुणेनं घराच्या भिंतीला नवा चुना दिला.

तों दारात एक म्हातारी आली. अंगावर ठिगळांचं लुगडं, हातात फुटकं खापर. म्हणाली, "लेकी, जरा विस्तव देतेस?" सगुणा म्हणाली, "आजी, शेजारी जा. तिची भट्टीच आहे." म्हातारी म्हणाली, "तिथं जाऊन आले. राख गार आहे." सगुणा म्हणाली, "मग घ्या आमच्यातला." चुलीशी गेली तर चूल विझलेली. काटक्या घातल्या, पेटेना. गोवऱ्या घातल्या, पेटेना. तेल ओतलं, पेटेना. मागं वळून पाहते तों म्हातारी नाही. आणि तिचं शेवटचं बोलणं सगुणेच्या कानात आता शिरलं, राख गार आहे. येसूची राख, जी नागपंचमीपासून शिमग्यापर्यंत कधी गार होत नसे!

सगुणा उठली. ओढ्याच्या काठानं धावली, वेशीवरून धावली, मारुतीला वळसा घालून धावली. लोक म्हणाले, "माळीणबाई, घर लागलं की काय?" ती थांबली नाही.

येसू भिंतीशी पडली होती. पावसानं भिजलेली, ओठ सुकलेले. तिनं डोळे उघडले.

"आलीस होय? काय हे केस. वेणी नाही घातलीस?"

"आक्का, काय झालं गं हे?"

"काही नाही. तुझी भिंत चढत होते. चांगली बांधलीय हो. गवंडी हुशार आहे."

"मग मला हाक मारायची गं!"

येसू तिच्याकडे बघत राहिली. बघतच राहिली. मग म्हणाली, "मारली असेन. मला आता आठवत नाही."

सगुणेनं मान खाली घातली.

"पाणी आणते," म्हणाली.

"नको. तू अजून वाटी घेतली नाहीस." येसू म्हणाली, "आतलं मुंग्यांनी नेलं. त्यांना पुण्य. उठले की दुसरं करीन."

म्हणजे बायांनो, पाऊस तोंडावर पडला, आणि या बाईनं दोन दिवस ओठ मिटून ठेवले होते.

सगुणेनं चिखलातली रिकामी वाटी उचलून येसूच्या हातात दिली, आणि आपला हात पुढं केला. "शेजी, वाटी दे."

"शेजी, वाटी घे."

मग सगुणेनं पाणी पाजलं. एक घोट पोटात गेला. दुसरा घोट पोटात गेला. तिसरा ओठांतून बाहेर आला.

आता तुम्ही म्हणाल, शेजीबाई येईल, तीर्थ शिंपडील, येसू झोपेतून उठावी तशी उठेल. इतर कहाण्यांत उठतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही वाट पाहिली. नाही उठली.

गाव जमलं. "कसं झालं?" विचारू लागलं. सगुणा म्हणाली, "भिंत आड होती. मला काही कळलंच नाही." लोक म्हणाले, "खरंय. तू तरी काय करणार? आणि तूच धावलीस बाई." सगुणेची वाहवा झाली. ती वाहवा तिनं पदर तोंडावर ओढून ऐकली.

येसूला कोणी नव्हतं. बाळोजी पेठेहून आला, त्यानं अग्नी दिला. दहावा दिवस आला. ओढ्यावर पिंड ठेवले. कावळे आले, बाभळीवर रांगेनं बसले. पण एक खाली उतरेना.

बाळोजी हात जोडून म्हणाला, "येसूवहिनी, तुझ्या भट्टीला कोणाला हात लावू देणार नाही." कावळे हलले नाहीत. पाटील म्हणाला, "येसूबाई, तुझ्या नावानं वेशीवर पाणपोई घालतो." कावळे हलले नाहीत. सगुणा म्हणाली, "आक्का, ती भिंत पाडते. माझ्या हातानं पाडते." एका कावळ्यानं मान वाकडी केली, आणि पुन्हा सरळ केली.

ऊन चढलं. लोक घामाघूम झाले. भटजी म्हणाले, "कितीदा बोलवायचं? दर्भाचा कावळा करू आणि मोकळं होऊ." त्यांनी दर्भ हातात घेतला.

सगुणा म्हणाली, "थांबा."

ती पिंडासमोर गेली, मातीत बसली. म्हणाली, "आक्का, मला ऐकू आलं होतं. सकाळी हाक मारलीस ती ऐकली. दुपारची ऐकली. दिवेलागणीची ऐकली. मी घरातच होते. मी आले नाही."

बाळोजीनं बायकोकडे पाहिलं, आणि ओढ्याकडे तोंड फिरवलं.

तों कावळा उतरला. पिंडाला शिवला. घास घेऊन उडाला.

सगुणेला कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी जवळही घेतलं नाही. सगळे उठले, आपापल्या घरी गेले. ती एकटीच मागून, काठाकाठानं, घरी आली.

शेजीबाई, येसूसारखी शेजारीण तुम्हां-आम्हां सर्वांना मिळो. येसूसारखं होण्याची बुद्धी तुम्हां-आम्हां सर्वांना होवो. सगुणेला जे फळ मिळालं, ते पलीकडच्या गावच्या वैरिणीलाही न मिळो. ही साठां हाकांची कहाणी, एका ओमध्ये सुफळ संपूर्ण.