शेवटचं केळं

माणसांना पंगतीची सवय नुकतीच लागली होती, तेव्हाची गोष्ट. देवळामागच्या वडावरून भुराक्का माकडीण तो थाट बघायची आणि नातवंडांना शिकवायची, “रांगेत बसा. आधी शेजाऱ्याला द्या.” माकडंही “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत केळी खाऊ लागली.

एके दिवशी एकच केळं उरलं आणि सगळी त्यावर तुटून पडली. “मेल्यांनो, शेवटी माकडं ती माकडंच!” म्हणत भुराक्काने कपाळ बडवलं.

तेवढ्यात खाली गलका झाला. जिलब्या संपत आल्या होत्या आणि अख्खी पंगत परातीवर झेपावली होती. मग सगळे धोतरं सावरत पुन्हा रांगेत बसले आणि “घ्या हो, घ्या” म्हणत एकमेकांना आग्रह करू लागले.

भुराक्का पोट धरून हसली. “एवढंच शिकवायचं राहिलं होतं! चला रे, बसा पुन्हा रांगेत.”