मखमली पेटीतलं नाणं

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा पाच रुपयांना मेथीच्या दोन जुड्या मिळायच्या. नरहरशेटना नाणी जमवायचा नाद होता. त्यांच्या मखमली पेटीत पाच रुपयांचं एक नाणं होतं, टाकसाळीतून आलं तसं कोरं, आरशासारखं. ते कायम रागात असायचं.

"माझ्या अंगावर पाच रुपये लिहिलंय, आणि मी आजवर चिमूटभर मीठसुद्धा आणलं नाही!"

"हळू बोल," शेजारची नाणी म्हणायची. "नुसतं बोट लागलं तरी किंमत उतरते. आपण हजारातली माणसं."

"कसली माणसं? मढी आहात मढी, मखमलीत निजवलेली!"

एका सकाळी त्या नाण्याला गिऱ्हाईक आलं. शेटनी हातमोजे घालून नाणं कडेनं धरलं. नाण्यानं रागानं अशी उसळी मारली, की ते फरशीवर आपटलं आणि त्याची कड चेपली.

गिऱ्हाईक उठलंच. "आता हे पाचाचंच, शेट."

शेट इतके संतापले, की दारावर आलेल्या तान्हूबाईकडून त्यांनी त्याच नाण्याची मेथी घेतली. दिवसाची पहिली विक्री म्हणून तिनं नाणं कपाळाला लावलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं.

आतलं एक झिजलेलं नाणं करवादलं, "एवढं लखलखीत! इतकी वर्षं होतंस कुठं?"

"कोंडलं होतं मला!"

"मग आता ओरडतंस काय? सरक जरा. दुपारच्या आत आपल्याला मीठ आणायचंय."