तात्यांची जीप आणि भैरोबाचा कोपरा

माजी सभापती तात्यासाहेब खिलाऱ्यांना डोंगरात मिरवायला जीपला बाजारातले सगळ्यात थोराड टायर हवे होते. टायरवाल्या सुलभाबाई म्हणाल्या, "तात्या, रिमवर बसतील हे, पण चाक वळलं की मडगार्डला घासतील. घाटात वळणावर अडकलात तर?"

"मला वळावं लागत नाही. लोकच बाजूला होतात. बसव, नाहीतर उद्या इथं तुझं दुकान दिसणार नाही."

बाईंनी टायर बसवले. म्हणाल्या, "फक्त गावच्या रिवाजाप्रमाणं आधी भैरोबाला फेरी घाला. मग खुशाल डोंगर चढा."

हार घातलेली जीप ऐटीत निघाली. गाव बघायला जमलंच होतं. देवळाच्या पहिल्याच कोपऱ्यावर तात्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि टायर मडगार्डमध्ये रुतला. जळक्या रबराचा वास सुटला.

खाली उतरून तात्या गरजले, "टायर उत्तम आहेत. हा कोपराच चुकीचा बांधलाय."

सुलभाबाईंनी पदर खोचला. "तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, तात्या. एवढंच सांगा, टायर उतरवू की देऊळ सरकवू?"

तात्यांनी देवळाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि स्वतःच जॅक काढून दिला.