काही तक्रार आहे का?

"आणि कोठडीतल्या माणसानंच माझ्या भावाला मारलं असेल तर?"

वर्ग संपला होता. परदेशी अधिकाऱ्यांची तुकडी चहाला गेली होती. मागे राहिला होता एकटा कॅप्टन इलारो, दूरच्या एका बेटराष्ट्राचा. लष्करी कायदा त्याला तोंडपाठ होता, आणि तसं तो तोऱ्यात सांगायचाही.

फळा पुसता पुसता निवृत्त कर्नल आठल्ये थांबले. "मारलं, म्हणजे?"

"भाऊ बंडखोरांच्या हाती सापडला. पहाऱ्यावर हा होता. भाऊ पाणी मागत राहिला... यानं दिलं नाही. भाऊ तसाच गेला."

"आणि आता?"

"आता हा आमच्या कोठडीत आहे. खटला उभा राहायला वेळ आहे. सोमवारी मी परततो, आणि पहारा माझ्याकडे येतो." त्याचा आवाज खाली आला. "आई म्हणते, देवानंच त्याला तुझ्याकडे पाठवलंय."

कर्नलांनी डस्टर खाली ठेवलं.

"कैद्याचे हक्क मला विचारू नका, सर. सगळे पाठ आहेत."

"नाही विचारत."

वर्गाच्या कोपऱ्यात सरावासाठी गज लावून एक कोठडी केली होती. कर्नल तिच्यात शिरले. कैद्यानं गळफास लावून घेऊ नये म्हणून त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतात. म्हाताऱ्यानं आधी आपला पट्टा काढला, मग एकेक करून नाड्या. सगळं इलारोच्या हातात दिलं आणि कण्हत कण्हत जमिनीवर बसकण मारली.

"चला. रोजचा प्रश्न विचारा."

तो प्रश्न त्यांनी पहिल्याच तासाला शिकवला होता. पहाऱ्याच्या अधिकाऱ्यानं रोज कैद्यासमोर जाऊन विचारायचं, काही तक्रार आहे का? आणि उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

इलारोनं हातातला पट्टा आणि नाड्या टेबलावर ठेवल्या.

"हा नुसता सराव आहे, सर."

"मग विचारा की."

बाहेर कपबशा वाजत होत्या. कर्नलांच्या पायांत सैल बूट होते. एका हातानं त्यांनी विजार सावरून धरली होती. इलारोला ते बघवेना.

"काही... तक्रार आहे का?"

"आहे. तहान लागली आहे."

टेबलावर तांब्या होता. इलारोनं पेला भरला आणि गजांतून आत दिला. पेला गजाला आपटला आणि अर्धं पाणी सांडलं. उरलेलं कर्नल सावकाश प्यायले.

इलारो गज धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. कर्नलांनी गजांतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. रडणं ओसरेपर्यंत तो तिथेच राहू दिला.

"आईला काय सांगू, सर?"

कर्नल एरवी साऱ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करत. त्यांनी रिकामा पेला इलारोच्या हातात दिला.

"सांग, भावाला पाणी पाजून आलो."