साहेबांचं मत चिंचेला

वैशाखातल्या भर दुपारी गावात एक साहेब आले. म्हणे, ऊन का वाढतंय ते शिकवायला. बूट काढून त्यांनी चिंचेखाली समई लावली, भाषण ठोकलं, लाडू वाटले. ठकूबाईनं लाडू हातातच धरला. सरकार फुकट तोंड गोड करतंय, म्हणजे पुढं काहीतरी असणारच!

साहेब हळूच म्हणाले, “इथं हवामान शिक्षण केंद्र बांधू. तेवढी ही चिंच तोडावी लागेल. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

गावात सावली ती तेवढीच. ठकूबाई उठली. “हात कशाला, साहेब? तोडायची म्हणणाऱ्यानं उन्हात उभं राहावं, राखायची म्हणणाऱ्यानं सावलीत. आधी तुम्ही.”

साहेब ऐटीत अनवाणीच उन्हात गेले आणि पाय पोळताच उड्या मारत चिंचेखाली परतले.

“ग्रामसेवक, लिहून घ्या हो,” ठकूबाई लाडू फोडत म्हणाली, “साहेबांचं मत चिंचेला!”